घरी सरावाला कोणता बेस घ्यावा? कापसाच्या खोलीतल्या तीन वर्षांचा अनुभव

"भाऊ, घरी सरावाले कोणता बेस घेऊ?"

मार्च लागला, १४ एप्रिलच्या कार्यक्रमांची बोलणी सुरू झाली, की आजूबाजूच्या गावांतल्या पोरांचे असे फोन येतात. बेस म्हणजे बेस गिटार. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं. मी आधी उलट विचारतो, "आता जोडून वाजवतं का तसाच?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "तसाच. ॲम्प अजून घेतला नाही." ॲम्प म्हणजे बेस जोडून आवाज मोठा करायचं यंत्र. ते उत्तर ऐकलं की मला माझी तीन वर्षं आठवतात आणि पोटात तुटतं.

तारा, फ्रेट (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या), सा-प धरून गाणं चालवणं, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो. ते शिकवणारे भरपूर आहेत. मी लिहितोय ते मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या पुढे. लहानपणापासून मी भजन मंडळात खंजिरी वाजवायचो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं आमच्याकडे खंजिरीवरच रंगतात, त्यामुळे ठेका अंगात होता. बेस म्हणजे डग्ग्याचा भाऊ, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. पण खंजिरीने हाताला जोरही दिला होता, आणि जोर लावला की वाजतं, हे डोक्यात पक्कं बसलं होतं.

बारावीनंतर नागपूरला सीताबर्डीवरून जुना चार तारांचा बेस नऊ हजारांत आणला. बाबांनी तुरीच्या पैशातून दिले. ॲम्पसाठी काही उरलं नाही. दुकानदार म्हणाला, "ॲम्पची घाई नाही, आधी बोटं बसू द्या." नवशिक्याला याहून वाईट सल्ला मी आजवर ऐकलेला नाही.

सरावाला जागा होती ती मागची खोली. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस तिथे छातीइतका रचलेला असायचा. भाव चढेल या आशेवर बाबा तो मार्चपर्यंत ठेवायचे. ज्यांच्या घरी कापूस भरतात त्यांना माहीत आहे, त्या खोलीत बोललेलं चार हातांवर ऐकू येत नाही. कापूस आवाज पिऊन टाकतो. इलेक्ट्रिक बेसचं लाकूड भरीव, आत पोकळी नाही, म्हणजे न जोडता वाजवला तर नुसत्या तारेचा बारीक आवाज. तो बारीक आवाज आणि ती खोली. मला माझा सूर ऐकू यावा म्हणून मी तार ओढून सोडायला लागलो. तार फ्रेटवर आपटून खट् व्हायचं, ते मला दमदार वाटायचं. एप्रिलमध्ये कापूस गेला तर कूलर सुरू झाला. त्याच्या घरघरीत ऐकू यावं म्हणून आणखी जोर. अशी तीन वर्षं, रोज दोन तास. मेहनतीत मी कुठेच कमी पडलो नव्हतो, हे मुद्दाम सांगतो, कारण तुम्हीही पडत नसाल.

मग पहिला मोठा कार्यक्रम आला. तालुक्याचं ठिकाण, १४ एप्रिलची रात्र, भीमगीतं. गायकाची पट्टी काळी एक. कहरव्याची सुरुवात झाली, मी पहिला सूर मारला आणि मिक्सरवरचा लाल दिवा पेटला. साउंडवाल्याने माझा गेन, म्हणजे मिक्सरमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी, खाली घेतला. दुसरा सूर फाटला. अंतऱ्याच्या आधी सगळी वाद्यं थांबायची जागा होती, तिथे सगळे थांबले, मीही बोट उचललं, आणि स्पीकरमधून माझा बेस गुंगतच राहिला. मी न छेडलेल्या तारा वाजत होत्या. तिसऱ्या गाण्याला कीबोर्डवाल्या भाऊंनी डाव्या हाताने स्वतः बेस धरला आणि साउंडवाल्याला बोटाने खूण केली, याला खाली घे. रात्री दोनपर्यंत मी वाजवत होतो आणि माझा एकही सूर बाहेर जात नव्हता.

पहाटे चहाच्या टपरीवर ते भाऊ स्वतः जवळ आले. म्हणाले, "तुहा हात वाईट नाही रे. पण तू जे वाजवतं ते तुनं कधी आयकलंच नाही."

हे वाक्य नीट उलगडून सांगतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. बेस हातात असेल तर आत्ता करून बघा. जाडीकडून बारीककडे तारा इ, ए, डी, जी. इ तारेवर तिसरा फ्रेट दाबा, म्हणजे पांढरी पाच, जी. छेडा आणि लगेच तीच तार दाबून बंद करा. न जोडलेल्या बेसवर शांतता वाटेल. आता हेच बेस ॲम्पला जोडून, हेडफोन लावून करा. सगळ्यात बारीक जी तार हळू आवाजात गात असते. तिला कोणी हात लावलेला नाही. तुम्ही वाजवलेला सूर साधारण ४९ हर्ट्झचा, मोकळी जी तार ९८ ची, बरोबर दुप्पट, म्हणून ती आपोआप कंप पावते. शिवाय बोट उचलताना तार पिचकून निघणारा सूर, तारेवरून बोट घसरल्याचा आवाज, हे सगळं पिकअप (तारांखालचा, त्यांचा कंप टिपणारा भाग) इमानदारीने पकडतो आणि मोठं करून बाहेर पाठवतो. न जोडता वाजवताना यातलं काहीच कानावर येत नाही. बेस वाजवणं अर्धं सूर काढण्यात आणि अर्धं बाकीच्या तारा गप्प ठेवण्यात आहे. मी तीन वर्षं फक्त पहिलं अर्धं शिकलो, तेही चुकीच्या जोराने.

उपाय असा. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर खिळवून ठेवू नका. ए तारेवर गेलात की अंगठा इ तारेवर टेकवा. डी तारेवर गेलात की इ आणि ए दोन्ही त्याच्या कडेखाली घ्या. म्हणजे जाड तारा अंगठ्याकडे. बारीक तारा डाव्या हाताकडे: दाबणाऱ्या बोटाचा उरलेला भाग त्यांच्यावर अलगद झोपवायचा, दाबायचा नाही. मला हे अंगवळणी पडायला आठ महिने लागले, कारण आधीची सवय उपटायची होती. तुम्ही कोरे असाल तर फार लवकर होईल. घाबरू नका, पण टाळूही नका.

आता बेसकडे येतो. घरी तोच बेस वाजवा जो कार्यक्रमात वाजवणार, किंवा निदान त्याच लांबीचा. लांबी म्हणजे नटपासून (खुंट्यांकडचं तारेचं टेकण) ब्रिजपर्यंत (खोडावरचं टेकण) तारेचा कंप पावणारा भाग. नेहमीच्या बेसची ३४ इंच असते. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून हे माप रूढ झालं. आखूड बेस ३० इंचांचा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर असाच आखूड, त्यामुळे आखूड म्हणजे पोरांचं खेळणं असं मुळीच नाही. पण घरी आखूड आणि स्टेजवर लांब, हे करू नका. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर लांब बेसवर जवळजवळ १३ सेंटीमीटर, आखूडवर साडेअकरा. दीड सेंटीमीटर म्हणजे अंधाऱ्या स्टेजवर सूर चुकलाच. हात लहान असेल तर आखूडच घ्या आणि तोच सगळीकडे न्या. लांबच वाजवायचा असेल तर नटजवळच्या फ्रेटवर चार फ्रेटला चार बोटं ताणू नका; डबल बेस (उभं धरून वाजवायचं मोठं पोकळ वाद्य) वाजवणाऱ्यांसारखं पहिलं, दुसरं आणि करंगळी वापरा आणि हात सरकवा. मनगट वाचेल.

ज्या जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरी मी गेलो, त्यांच्याकडे दोन-तीन बेस होते. चांगला बॅगेत बंद. हाताशी दिवाणावर पडलेला असायचा तो साधा, बॅटरी न लागणारा, प्रिसिजनच्या धाटणीचा. त्यामागे कारण आहे. बॅटरीवाल्या बेसमध्ये केबल खोचलेली राहिली की नऊ व्होल्टची बॅटरी आत संपत राहते, आणि ती आमच्या गावच्या दुकानात नेहमी मिळत नाही. साधा बेस उचलला की वाजतो. घरी हे फार मोलाचं आहे. खुंटीवर टांगलेला बेस रोज हातात येतो, चेनच्या बॅगेतला येत नाही.

तारांबद्दल थोडं. सपाट वळणाच्या फ्लॅटवाउंड तारा महाग, पण वर्षानुवर्षं टिकतात आणि बोटं घासल्याचा आवाज करत नाहीत. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन अशाच तारा वापरायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही, शिवाय ब्रिजपाशी फोमचा तुकडा. आवाज सुरेख. पण शिकताना फोम लावू नका. तो तारा तुमच्यासाठी गप्प ठेवतो, मग तुमची बोटं ते काम कधी शिकणार?

लाइट नसते म्हणून पोकळ ॲकॉस्टिक बेस घेऊ का, असंही विचारतात. नका घेऊ. इ तार ४१ हर्ट्झवर बोलते. एवढा खोल सूर उचलायला डबल बेसचं खोकं लागतं, गिटारएवढ्या खोक्याला ते झेपत नाही. आवाज कमी पडतो आणि तुम्ही पुन्हा ठोकायला लागता.

पाच तारांचा? गायक काळी एक, काळी दोन घेतात, तेव्हा सा आणि प दोन्ही मोकळ्या तारेवर मिळत नाहीत, आणि खालच्या बी तारेवर ते सा दुसऱ्या-चौथ्या फ्रेटला हाताखाली येतात. उपयोग नक्की आहे. पण गप्प ठेवायला एक तार वाढते. आधी चार गप्प करा.

पैसे कमी असतील तर बेस दोन हजारांनी स्वस्त घ्या, पण हेडफोन ॲम्प त्याच दिवशी घ्या. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असतो, थेट बेसच्या जॅकमध्ये खोचतो. माझा व्हॉक्सचा आहे, दोन बारीक सेलवर चालतो. लाइट गेली तरी सराव थांबत नाही, घरचे झोपले तरी थांबत नाही. हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि ठेका बिघडतो. त्यात आवाज पुरेसा ठेवा आणि हात हलका करा, ओरड मात्र नको, कान परत मिळत नाहीत. टीव्हीच्या होम थिएटरमध्ये बेस जोडू नका. मी एक स्पीकर असाच घालवला.

तेवढेही पैसे नसतील तर बेसचं वरचं शिंग लाकडी कपाटाला किंवा दाराला टेकवून वाजवा. लाकूड थरथरतं आणि खोल सूर ऐकू येतो. मोकळ्या तारांची गुणगुणही थोडी कळते. बैलगाडीने का होईना, रस्ता तोच आहे.

एक गोष्ट कडक सांगतो. विजेवरचा ॲम्प घेतलात तर आधी घराचं अर्थिंग बघा. माझ्या घरी नव्हतं. तारेला हात लावला की मुंग्या यायच्या, आणि मी त्याची सवय करून घेतली होती. सवय करून घेऊ नका, वायरमनला बोलवा. मंडपातल्या माइकला ओठ आणि हातात तार, अशा स्थितीत जोराचा झटका बसतो, जीवही जाऊ शकतो.

आमच्या हवेबद्दलही सांगायला हवं, कारण परदेशी व्हिडिओंत ते येत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात नेक (बेसची दांडी) सुकतो, त्यावरची फ्रेट बसवलेली फळी, म्हणजे फिंगरबोर्ड, आकसतो आणि फ्रेटची टोकं बोटांना खुपायला लागतात. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, नेकला बाक येतो, तारा उंच होतात. मी बेस कूलरच्या झोतासमोर टांगला होता, म्हणजे दिवसा ओल आणि रात्री कोरडं. महिन्यात तारा गंजल्या आणि नेक वेडावाकडा बोलायला लागला. कूलरपासून लांब, बाहेरच्या भिंतीपासून लांब टांगा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्यापाशी बघा; तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जावं. जास्त फट असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक सरळ करायची सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, नसेलच तर उलट पाव फेरा, आणि मग एक दिवस थांबा. अडला तर जोर लावू नका, जाणत्याला दाखवा.

गुरूबद्दल माझं मत पक्कं आहे. तीस दिवसांत बेसिस्ट करणारे सोडा. जो तुमचं वाजवलेलं रेकॉर्ड करून तुमच्याच कानात घालतो तो गुरू, मग तो कीबोर्ड वाजवत असो की ढोलकी. मला असा गुरू टपरीवर मिळाला, आणि नंतर दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर फिरलो. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी मला एकही नवं गाणं दिलं नाही. तेव्हा राग यायचा.

गेल्या रविवारी शेजारच्या गावचा एक पोरगा आला होता. दीड वर्षापासून वाजवतो, हात जलद, ठेका पक्का. मागच्या खोलीत बसवलं, त्याच्या बेसला माझा हेडफोन ॲम्प खोचला, हेडफोन त्याच्या कानावर ठेवले. त्याने दोन ओळी वाजवल्या आणि एकदम थांबला. तार बंद केली, तरी मान वाकडी करून ऐकत राहिला.

"भाऊ, हे कोण वाजून रायलं?"

मी त्याचं डाव्या हाताचं बोट धरलं आणि जी तारेवर अलगद ठेवलं.