नवजात बाळासाठी थर्मामीटर कसा निवडावा

गेल्या मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी, भाचीच्या अठरा दिवसांच्या बाळाच्या काखेत लावलेल्या नव्या कोऱ्या थर्मामीटरने १०५.८ अंश फॅरेनहाइट दाखवले आणि घरात रडारड सुरू झाली. बाळ मात्र कूलरच्या खोलीत शांत निजले होते, तासाभरापूर्वी ते पोटभर दूध प्यायले होते आणि त्याच्या पोटाला हात लावला तर ते नेहमीइतकेच उबदार लागत होते. थर्मामीटर दुपारभर पुढच्या टिनाच्या खोलीत फळीवर पडून होता. त्याचे टोक माठातल्या पाण्यात बुडवून, कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा काखेत धरले, तेव्हा आकडा ९८.४ आला. पहिला आकडा बाळाच्या अंगाचा नव्हताच, तो टिनाखालच्या हवेचा होता.

ताप मोजण्याचा थर्मामीटर, मग तो पाऱ्याचा असो वा डिजिटल, टोकाला लागलेले (डिजिटल असल्यास बटण दाबल्यापासूनचे) सर्वांत जास्त तापमान धरून ठेवतो आणि त्याखाली उतरत नाही. हवा अंगापेक्षा थंड असते, टोक काखेत गेल्यावर तापत जाते आणि वाढ थांबली की मोजणी संपते, असे धरूनच त्याची रचना केलेली असते. चंद्रपूर, वर्धा, नागपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, तेव्हा हे गृहीतक उलटे होते. आधीच ४१ अंशांवर असलेले टोक काखेत ठेवले, तर ते ४१ च दाखवणार. माहितीपत्रकात ही गोष्ट बारीक अक्षरांत, वापरण्याच्या हवेची मर्यादा म्हणून दिलेली असते, आणि ती बहुधा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच असते. म्हणून आपल्याकडे थर्मामीटर घेताना तो किती वेगाने मोजतो यापेक्षा तो आपल्या घरातल्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात कसा वागेल, हे आधी पाहावे.

दुसरा विचार त्याहून महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेकांच्या मनात नसतो. थर्मामीटर म्हटले की आपल्याला ताप आठवतो, परंतु नवजात बाळाच्या बाबतीत अंग थंड पडणे हे ताप येण्याइतकेच, कित्येकदा त्याहूनही अधिक काळजीचे असते. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्वचेखाली चरबी थोडी असते आणि मोठ्या माणसासारखे कुडकुडून ऊब निर्माण करणे त्याला जमत नाही. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर ऊब टिकवणे आणखी कठीण जाते. शिवाय मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप चढतो, पण नवजात बाळाचे अंग अशा वेळी गार पडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरेनहाइट असावे. ३६ ते ३६.४ हा सौम्य थंडावा, ३२ ते ३५.९ हा मध्यम आणि ३२ च्या खाली गेलेले बाळ अत्यंत गंभीर मानले जाते. तेव्हा जो थर्मामीटर ३५ च्या खाली पाहूच शकत नाही, तो नवजात बाळासाठी अर्धाच उपयोगाचा आहे.

पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर नेमका इथेच कमी पडतो. त्याची पट्टी साधारण ३५ अंश सेल्सिअसपासून, फॅरेनहाइटची असल्यास ९४ किंवा ९५ पासून सुरू होते, त्यामुळे ३४ अंशांच्या बाळाचे आणि ३५ अंशांच्या बाळाचे वाचन त्यावर सारखेच दिसते. पारा झटकून खाली आणावा लागतो, काखेत तो तीन ते पाच मिनिटे धरावा लागतो आणि रात्री दिवे गेले असताना आजीच्या डोळ्यांना ती रेघ दिसत नाही. तो फुटला तर आणखी मोठा प्रश्न उभा राहतो. सारवलेल्या जमिनीच्या भेगांत शिरलेला पारा पुन्हा गोळा होत नाही, तिथेच राहून त्याची वाफ होत राहते, आणि ही वाफ तान्ह्या बाळाला सर्वाधिक अपायकारक असते. जगाने २०१३ साली पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराद्वारे असे थर्मामीटर बनवणे आणि त्यांची आयात-निर्यात थांबवण्याचे ठरवले आणि भारतही त्या करारात आहे. घरात जुना असेल तर तो बाळंतिणीच्या खोलीत ठेवू नये. चुकून फुटलाच, तर बाळाला बाहेर न्यावे, खिडक्या-दारे उघडावीत, केरसुणी अजिबात फिरवू नये, थेंब जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी ढकलून झाकणाच्या बाटलीत भरावेत आणि चमकणाऱ्या थेंबांशी घरातली मुले खेळणार नाहीत हे पाहावे.

कोविडच्या काळात कपाळासमोर धरायचे ‘बंदुकीचे’ थर्मामीटर गावोगावी पोहोचले आणि बाळाला हात न लावता आकडा मिळतो म्हणून अनेकांना तेच सोयीचे वाटते. त्यांची किंमत हजाराच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. हे यंत्र त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता मोजते, त्यामुळे कपाळावर घाम असेल, तेल लावलेले असेल, बाळाला नुकतेच कोवळ्या उन्हातून आत आणले असेल किंवा कूलरचा झोत थेट डोक्यावर येत असेल, तर आकडा हलतो. यंत्र तापलेल्या खोलीतून थंड खोलीत आणले तर तिथे वीस-तीस मिनिटे स्थिरावल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. अनेक यंत्रांत अंगाचे आणि वस्तूचे तापमान मोजण्यासाठी वेगवेगळी बटणे असतात. चुकून वस्तूचे बटण दाबलेले राहिले, तर निरोगी बाळाचे तापमानही ३३-३४ दिसते. ज्या घरात रोज तेलमालीश होते आणि उन्हाळा असा असतो, तिथे पहिल्या महिन्यासाठी मी हे यंत्र सुचवणार नाही. असलेच तर त्याने दाखवलेला प्रत्येक चढा-उतरता आकडा काखेत मोजून पक्का करावा. कानात घालायचा थर्मामीटर सहा महिन्यांखालच्या बाळासाठी नको, कारण कानाची नळी अरुंद असते. कपाळावर चिकटवायच्या पट्ट्या आणि चोखणीचे थर्मामीटर यांवर पैसे खर्च करू नयेत. गुदद्वारातून मोजण्याची पद्धत अचूक मानली जाते खरी, पण नवजात बाळाला त्यातून इजा होऊ शकते, म्हणून घरी ती करू नये.

तर घ्यायचा कोणता? साधा, काखेत धरायचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, आणि शक्य असल्यास मऊ, वाकणाऱ्या टोकाचा घ्यावा, कारण बाळाची काख लहान असते आणि ताठ टोक एका बाजूला निसटते. तो साधारण शंभर ते तीनशे रुपयांत मिळतो आणि आशाताईंच्या पेटीतही हाच प्रकार असतो. खोक्यावर मोजमापाची मर्यादा पाहावी. बहुतेक डिजिटल थर्मामीटर ३२ अंश सेल्सिअसपर्यंत वाचतात आणि त्याखाली ‘एल-ओ’ अशी इंग्रजी अक्षरे दाखवतात. घरच्या वापराला तेवढे पुरे आहे, परंतु ती अक्षरे म्हणजे यंत्र बिघडल्याची खूण नव्हे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असले पाहिजे. अचूकता ०.१ अंश सेल्सिअस अधिक-उणे लिहिलेली असावी. खोक्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक आणि औषध प्रशासनाच्या परवान्याचा क्रमांक असतो, कारण डिजिटल थर्मामीटर आता वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येतात. भारतात बनलेल्या उपकरणावर तो क्रमांक अनेकदा ‘एमएफजी/एमडी’ या अक्षरांनी सुरू झालेला दिसतो. आठवडी बाजारातल्या हातगाडीवर असे काही न लिहिलेला थर्मामीटर स्वस्त मिळत असला तरी तो घेऊ नये, मेडिकलमधूनच बिलासह घ्यावा.

सेल्सिअस की फॅरेनहाइट, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण फोनवर आकडा सांगताना यातून गोंधळ होतो. आपल्या आशाताई आणि उपकेंद्रातील सिस्टर कोणत्या मापात बोलतात हे आधी विचारून घ्यावे आणि थर्मामीटर त्याच मापाचा घ्यावा. दोन्ही मापांचा असेल तर ते बटण एकदाच लावून घ्यावे. आकडे मोठे असावेत आणि पडद्याला उजेड असेल तर उत्तम, कारण रात्री दोन वाजता मोबाइलच्या टॉर्चमध्ये बाळ, थर्मामीटर आणि दुपटे एकाच हाताने सांभाळावे लागते. दहा सेकंदांत मोजणारा घ्यावा की मिनिटभर लागणारा, यावर फार विचार करू नये. सेलचे झाकण मात्र घट्ट असावे. आतला बटण सेल घरातल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाने गिळला, तर अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर जखम होऊ शकते.

विकत आणलेला थर्मामीटर बाळंतपणाच्या आधीच तपासून घ्यावा. घरातल्या निरोगी मोठ्या माणसाच्या काखेत, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन वेळा लावून पाहावा. आकड्यांत ०.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक पडत असेल तर तो बदलून आणावा. जलरोधक असल्यास आशाताईंच्या थर्मामीटरसोबत एकाच भांड्यातील कोमट पाण्यात दोघांची टोके बुडवून आकडे जुळवता येतात. माझ्या मते ही खात्री सर्वांत सोपी आणि सर्वांत चांगली आहे.

बाळाचे तापमान मोजताना झबल्याची बाही सोडवावी, काख कोरडी पुसावी आणि टोक काखेच्या खोलगट मध्यभागी त्वचेला पूर्ण टेकेल असे ठेवून बाळाचा दंड छातीशी अलगद धरावा. आवाज येईपर्यंत हलू देऊ नये. अंघोळ, मालीश किंवा शेक यांनंतर निदान अर्धा तास थांबावे. बाळ दोन-तीन दुपट्यांत घट्ट बांधलेले असेल तर आधी सैल करून पंधरा मिनिटांनी मोजावे. उन्हाळ्यात थर्मामीटर माठाजवळ किंवा कूलरच्या खोलीत ठेवावा. संपूर्ण घरच तापलेले असेल तर टोक थंड पाण्यात असतानाच बटण दाबावे, पाणी चटकन टिपून लगेच काखेत धरावे. थर्मामीटर सापडत नसेल तेव्हा हाताची पालथी बाजू बाळाच्या पोटाला आणि तळपायाला लावून पाहावी. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे, पाय गार आणि पोट उबदार असेल तर त्याला थंडी बाधत आहे, आणि दोन्ही गार असतील तर धोका आहे.

आकडा ३६.५ च्या खाली आला, तर बाळाला टोपरे आणि मोजे घालून, फक्त लंगोटावर आईच्या उघड्या छातीशी धरावे, वरून दोघांवर पांघरूण घ्यावे आणि दूध पाजत राहावे. तासाभरात आकडा वर आला नाही तर दवाखान्यात न्यावे. आकडा ३६ च्याही खाली असेल तर तासाची वाट न पाहता, छातीशी धरूनच निघावे. गोवऱ्यांची शेगडी आणि गरम पाण्याची बाटली यांनी बाळाला भाजते आणि धुराने त्याचा श्वास कोंडतो, म्हणून ऊब देण्यासाठी आईचे अंगच वापरावे. आकडा ३७.५ च्या वर गेला, तर कपडे कमी करून, थंड खोलीत नेऊन आणि दूध पाजून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. तरीही वरच असेल तर त्याच दिवशी दाखवावे, आणि ३८ किंवा अधिक असल्यास क्षणही दवडू नये. तापाचे कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नये. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, श्वास जोरात चालत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा झटके येत असतील, तर आकडा कितीही चांगला असला तरी १०८ किंवा १०२ ला फोन करावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून बाळाला जिल्हा रुग्णालयातील नवजात काळजी कक्षात पाठवता येते.

दवाखान्यात बाळंतपण झाले असले तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, आणि घरी बाळंतपण झाले असल्यास पहिल्या दिवशीही येतात. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात गावातल्या बायांना शिकवून सिद्ध केली आणि पुढे २०११ पासून ती देशभराच्या आशा कार्यक्रमात आली. पहिल्या भेटीत आपला थर्मामीटर त्यांना दाखवावा आणि बाळाच्या अंगावर त्यांच्या देखत एकदा मोजून घ्यावे. मधल्या दिवसांत मोजलेला प्रत्येक आकडा, वेळ, माप आणि बाळाने शेवटचे दूध केव्हा घेतले हे माता व बाल संरक्षण कार्डात घडी करून ठेवलेल्या कागदावर लिहावे, म्हणजे रात्री निघावे लागले तर तो कागद कार्डासोबत डॉक्टरांच्या हातात पडेल.