गिऱ्हाइकाला काय हवंय? शोरूममधल्या या चुका टाळा

शोरूमच्या फ्लोअरवर मला आता बरीच वर्षं झाली. गाड्या बदलल्या, युनिफॉर्मचे रंग बदलले, नव्या पोरांच्या चुका मात्र त्याच आहेत. नवी बॅच आली की पहिल्याच आठवड्यात पुन्हा तेच सगळं श्रीगणेशापासून सांगावं लागतं. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

"सर, बजेट किती?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात जातो. माणूस अजून दारातून नीट आत आलेला नसतो आणि तुम्ही त्याच्या खिशात हात घालता. तो आकडा सांगतो, पण खरा सांगत नाही. कोणी घासाघिशीला जागा राहावी म्हणून कमी सांगतो, कोणी शेजारी सासरे उभे आहेत म्हणून वाढवून सांगतो. मग त्या खोट्या आकड्याच्या भरवशावर तुम्ही पाऊण तास त्याला नको त्या गाड्यांभोवती फिरवता.

बजेट विचारायचंच आहे, पण जरा दमाने. माझे पहिले दोन प्रश्न ठरलेले आहेत : "सध्या कुठली गाडी वापरता?" आणि "तिचं काय खुपतं?" दुसऱ्या प्रश्नावर माणूस मोकळा होतो. "क्लच दाबून दाबून गुडघा दुखतो" म्हणाला, की गिअरवाली गाडी बाजूला ठेवायची. "वडिलांना मागे बसता-उठता येत नाही" म्हणाला, की सीटची उंची आणि दार किती उघडतं ते दाखवायचं. हाच माणूस आत येताना "एसयूव्ही बघायचीय" एवढंच म्हणाला होता, कारण ऑफिसात सगळ्यांनी तीच घेतलीय.

जमलं तर तो ज्या गाडीतून आला ती पार्किंगमध्ये जाऊन बघून या. मी बघतो. बंपरच्या कोपऱ्यांवर ओरखडे असतील तर आधी पार्किंग कॅमेरा दाखवतो, बाकी कौतुकं मागाहून.

ब्रोशर तोंडपाठ, समोरचा माणूस अनोळखी

ही चूक मी स्वतः केलीय, आणि चांगली ठसठशीत केलीय.

नवा होतो. ब्रोशर पाठ होतं, कुठलाही आकडा विचारा, लगेच हजर. एकदा दुपारी एक गृहस्थ एकटेच आले. फारसं बोलले नाहीत. सरळ गाडीच्या मागे गेले आणि डिकी उघडायला सांगितली. मी उघडली आणि लगेच लिटरचा आकडा फेकला, वर "या सेगमेंटमध्ये सगळ्यात मोठी" हेही ऐकवलं. त्यांनी खिशातून मेजरिंग टेप काढली. डिकीच्या तोंडाची रुंदी मोजली, मग जमिनीपासून डिकीच्या काठापर्यंतची उंची मोजली. "मागची सीट अर्धीच दुमडते का?" असं विचारलं. मी म्हटलं, "हो सर, दुमडते. सनरूफ बघितलंत का?"

त्यांनी सनरूफ बघितलं. सौजन्य म्हणून. "विचार करून सांगतो" म्हणाले आणि गेले. मागे आम्ही दोघा-तिघांनी त्या टेपवरून हसूनही घेतलं.

दोनेक महिन्यांनी एका पार्किंगमध्ये तेच गृहस्थ दिसले. दुसऱ्या कंपनीची, दिसायला अगदी पेटीसारखी गाडी होती. कागदावर तिची डिकी आमच्यापेक्षा लहान. त्यांनी मागचं दार वर उचललं, घडी घातलेली व्हीलचेअर काठावर टेकवली आणि नुसती आत सरकवली. पुढच्या सीटवर एक मुलगी बसली होती, चौदा-पंधरा वर्षांची. सगळं उरकायला त्यांना अर्धा मिनिटही लागला नाही. आमच्या गाडीचा डिकीचा काठ कमरेइतका उंच होता. दिवसातून चार वेळा ती खुर्ची तिथवर उचलायची म्हणजे पाठीचं काय होईल, हे टेप लावल्या लावल्या त्यांना कळलं होतं.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट चौकशी केली, की हे लिटर मोजतात कसे. जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेची व्हीडीए नावाची पद्धत बरीच रूढ आहे. तीत 200 × 100 × 50 मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर 1 लिटरचे ठोकळे डिकीत बसतील तितके भरायचे आणि मोजायचे. लहान ठोकळा चाकाच्या उंचवट्यामागच्या खाचेतसुद्धा बसतो. व्हीलचेअर बसत नाही, मोठी सूटकेस नाही, सायकलही नाही. म्हणून लिटर सांगा, पण त्याबरोबर तोंड किती रुंद, काठ किती उंच आणि आतली सपाट जागा किती लांब, हेही सांगा.

त्यांनी व्हीलचेअरचं आपणहून का सांगितलं नाही, असं पोरं मला विचारतात. घरातली गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत परक्या माणसाला कोण सांगतं? "गाडीतून काय काय न्यायचं असतं?" एवढं मी विचारलं असतं तरी पुरलं असतं. आता माझ्याही खिशात टेप असते. कोणी डिकीपाशी रेंगाळलं की मी ती त्यांच्या हातात देतो आणि गप्प उभा राहतो.

"मायलेज किती?" या प्रश्नाला नुसता आकडा

त्याला महिन्याचा खर्च जाणून घ्यायचा असतो. महिन्याला किती किलोमीटर होतात, एका वेळी किती लांब जाता, हे विचारल्याशिवाय तोंड उघडू नका. घर ते ऑफिस चार किलोमीटर, अशा माणसाला केवळ मायलेजवर डिझेल गळ्यात मारलेलं मी पाहिलंय. आजच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. साचलेली काजळी जळायला एक्झॉस्ट बराच वेळ चांगला तापावा लागतो, आणि चार किलोमीटरमध्ये तो तापत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि माणूस सर्व्हिस काउंटरवर तुमचं नाव घेऊन भांडतो.

हप्ता कमी करून दाखवण्याची घाई

"हप्ता जास्त वाटतोय" ऐकलं रे ऐकलं, की पोरं कर्जाची मुदत ताणतात. सोपा उपाय ना! 9 टक्के व्याजाचं 5 वर्षांचं कर्ज 7 वर्षांवर नेलं, की हप्ता साधारण 22 टक्क्यांनी उतरतो आणि एकूण व्याज सुमारे 43 टक्क्यांनी वाढतं. हे दुसरं वाक्य कोणी उच्चारत नाही. मी दोन्ही मुदतींचे हप्ते आणि एकूण व्याज एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहितो आणि तो कागद त्यांना घरी न्यायला देतो. एक-दोन बुकिंग त्यामुळे लांबली असतील. लांबू देत.

पैसे देणाऱ्याशीच बोलणं

बाई गाडी घ्यायला आल्या आणि टेस्ट ड्राइव्हची किल्ली सोबतच्या भावाच्या हातात! अजूनही होतं हे. कोण चालवणार ते विचारा, किल्ली त्यांनाच द्या.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे गुळगुळीत रस्त्यावरची फेरी

सरळ रस्ता, गाणी लावलेली, शेजारी बसून तुमची अखंड बडबड. यात त्याला काय कळणार? गाणी बंद करा. मी मागच्या सीटवर बसतो आणि त्याला आधी रिव्हर्स घेऊन गाडी पार्क करायला सांगतो. मग एक चढ आणि एक खराब तुकडा. घरचे सोबत असतील तर त्यांनाही मागे बसवा, मागचे धक्के ड्रायव्हरला कळत नाहीत.

लहान मूल कडेवर, आणि तोंडी फक्त एअरबॅगची संख्या

मागच्या सीटच्या फटीत त्यांचा हात घालून आयसोफिक्सच्या, म्हणजे बेबी सीट पक्की अडकवायच्या, दोन कड्या हाताला लागू द्या. आणि पाठमोरी बसवायची बेबी सीट चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या सीटवर कधीही लावायची नाही, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

"नुसतं बघायला आलोय"

बघू द्या की. चार पावलं लांब उभे राहा. ते कुठल्या दारापाशी दुसऱ्यांदा जातात तेवढं लक्षात ठेवा.

"सर, काय ठरलं मग?"

असा फोन मला आला तर मी स्वतः उचलणार नाही. जाताना माणसाचा एखादा प्रश्न अर्धवट राहिलेला असतो. अमुक रंग त्या व्हेरिएंटमध्ये येतो का, जुन्या गाडीचे किती येतील. तो मी डायरीत नावापुढे लिहितो आणि उत्तर हातात आलं की मगच फोन करतो. क्लोजिंगचे, म्हणजे सौदा झटपट पक्का करायचे शॉर्टकट शिकवणारे व्हिडिओ बघून आलेल्यांना हे फार संथ वाटतं. त्यांच्या डायऱ्या मी शनिवारी तपासतो. पानंच्या पानं एकच शेरा असतो : "इंटरेस्टेड, कॉल करणे."