फुल फ्रेमसाठी ‘कॅरेक्टर’वाली प्राइम लेन्स कशी निवडायची

आजकालच्या लेन्स इतक्या शार्प आल्यात की नवरीच्या गालावरची हळद कणकण मोजून घ्या, पण दहा फोटोग्राफरचे अल्बम शेजारी ठेवले तर कोणता कोणाचा ते कळत नाही, म्हणून बरेच जण जुन्या मॅन्युअल प्राइमकडे वळतात, म्हणजे झूम नसलेल्या, हातानं फोकस करायच्या लेन्सकडे, ज्यांची फोटोवर स्वतःची छाप, म्हणजे ‘कॅरेक्टर’, असते. वळा, पण जरा दमानं.

सगळ्यात आधी आपलेच जुने फोटो उघडा आणि माणसाच्या मागं काय असतं ते पाहा. खरं तर लेन्सची निवड तिथंच होते. हेलिऑस ४४-२, म्हणजे ५८ एमएम एफ/२, तिचा तो गरगर फिरणारा बोके, म्हणजे मागचा धूसर भाग, सगळ्यांनाच पाहिजे असतो, पण तो दिसेल वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बगीच्यात, पानांच्या फटीतून उजेड येतो तिथं. एप्रिलमधल्या नांगरलेल्या वावरात माणूस उभा केला तर मागं नुसती सपाट माती, फिरणार काय कपाळ? बगीच्यात माणूस दोनतीन मीटरवर, झाडं त्याच्या बरीच मागं, अपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडं, आणि चेहरा मधोमध, कारण फिरकी कडेला असते, तिथले उजेडाचे ठिपके लिंबासारखे लांबट होतात. क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ह्याच कडा कापल्या जातात, म्हणून ही मजा फुल फ्रेमचीच, म्हणजे मोठ्या सेन्सरची.

फिरकी नको, त्वचा मऊ आणि रंग उबदार पाहिजे, तर सुपर टाकुमार ५० एमएम एफ/१.४ पाहा. तिच्या नंतरच्या सात काचांच्या मॉडेलमध्ये थोरियम हा किरणोत्सारी पदार्थ आहे, त्यानं काच पिवळी पडते. घाबरू नका, नेहमीच्या वापरात त्रास नाही, फक्त काच घासत-फोडत बसू नका. काही आठवडे उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो, पण हे काम हिवाळ्यात करा, आपल्याकडच्या मे महिन्यात ग्रीस पातळ होऊन अपर्चरच्या ब्लेडवर उतरायचं. आणि मागून फॉइल लावा, लेन्स म्हणजे भिंगच, घरात कापूस भरलेला असेल तर विचार करा काय होईल. निव्वळ पोर्ट्रेटला निक्कॉर १०५ एमएम एफ/२.५ घ्या, फोटोग्राफर स्टीव्ह मॅककरीनं १९८४ ला त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा गाजलेला फोटो हिच्यावरच काढला होता. साबणाच्या फुग्यांसारखा बोके देणारी ट्रायोप्लान लेन्स माझ्या मते आपल्या कामात फार कमी वेळा उपयोगी पडते.

फोकल लेन्थ, म्हणजे तो एमएमचा आकडा, ठरत नसेल तर कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट झूमला ५० वर टेप चिकटवून एक पूर्ण कार्यक्रम काढा, मग ८५ वर.

मग माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जोडणी. हेलिऑस, टाकुमार एम४२ माउंटच्या, त्यांना सेन्सरपासून ४५.४६ एमएम अंतर लागतं. आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये सोनी ई चं १८, निकॉन झेडचं १६, म्हणजे साधा अॅडॅप्टर पुरतो. निकॉनच्या आरशावाल्या डीएसएलआरचं मात्र ४६.५, तिथं साध्या अॅडॅप्टरवर लांबचा फोकस बसतच नाही.

सेकंडहँड घेताना, नागपुरात सीताबर्डीला जा नाहीतर ऑनलाइन पाहा, मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून समोरून बघा. जाळ्यासारखं दिसलं तर फंगस, सोडून द्या. ब्लेडवर तेल आहे का, फोकस रिंग अडकते का, तेही तपासा. पुढच्या काचेवरचा बारका ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा नाही. विकणारा ‘फक्त धूळ आहे भाऊ’ म्हणाला तरी टॉर्च मारायचाच.

कॅमेरा जुनी लेन्स ओळखत नाही, म्हणून घरी आल्यावर मेनूमध्ये ‘लेन्स नसताना शटर’ चालू करा, स्टॅबिलायझेशनला (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) फोकल लेन्थ हातानं टाका, फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगानं दाखवणारी सोय) लावा, आणि डोळ्यावर फोकस करताना मॅग्निफाय करूनच खात्री करा. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. लग्नात दुसऱ्या बॉडीवर ऑटोफोकसवाली लेन्स ठेवाच, अंतरपाट खाली गेल्यावर तुमची रिंग फिरेपर्यंत हार घालून मोकळे होतात लोक.