थंडीत कोंबड्या कशा सांभाळाव्यात: आधी ओल हटवा, उबेचं नंतर बघा

थंडी पडायला लागली की परसात कोंबड्या पाळणाऱ्यावर सल्ल्यांचा भडिमार सुरू होतो. खुराडं चारी बाजूंनी बंद करा, आत मोठा बल्ब लावा, कोंबड्यांना स्वेटर घाला, खाद्यात मिरची मिसळा. असे सल्ले देणाऱ्यांनी भल्या पहाटे खुराड्यात डोकं घालून कधी वास घेतलेला नसतो.

अंगभर पिसं असलेली धडधाकट कोंबडी कोरडी थंडी निभावून नेते. तिचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. पिसं फुलवली की त्यांच्यात हवेचा थर अडकतो आणि ऊब अंगाशीच राहते. ती हरते ती ओलीपुढे. भिजलेली किंवा दमट पिसं फुलत नाहीत, आणि पिसं फुलली नाहीत तर बाकी सगळे उपाय वाया. गोंधळ होतो तो पिल्लांमुळे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवत न्यायची असते. हे एकदा डोक्यात बसलं की माणसं तोच हिशोब मोठ्या कोंबडीलाही लावतात. खाली लिहिलंय ते मोठ्या कोंबड्यांसाठी. पिल्लं, आजारी पक्षी आणि पिसगळ अजून भरून न आलेल्या कोंबड्या यांना वेगळं, आडोशाला ठेवायचं.

थंडीआधीची कामं

गळका पत्रा दुरुस्त करा, उंदीर-घुशींची बिळं बुजवा, जमिनीवरची जुनी गादी, म्हणजे तूस-पेंढ्याचा थर, काढून टाका, कोंबड्या रात्री बसतात त्या दांड्या खरवडून घ्या. रात्री बॅटरी घेऊन प्रत्येक कोंबडीची शेपटीखालची पिसं बाजूला करून बघा. तिथे काळपट मळ आणि बारीक हालचाल दिसली तर माइट्स, म्हणजे अंगावर जगणारे बारीक परजीवी, झालेत. त्यांचा बंदोबस्त आत्ताच करायचा, कारण यातली एक जात थंडीतच जास्त फोफावते. कोरड्या मातीत लोळायची एखादी जागा छपराखाली ठेवलीत तर निम्मं काम कोंबड्याच करतील.

हवा: सगळं इथे अडतं

या पायरीशी मी बराच काळ झगडले, आणि बहुतेकांच्या खुराड्यात बिघडतं तेही इथेच. म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोंबडीच्या विष्ठेत जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं. वर श्वासातून रात्रभर वाफ निघत असते. आठ-दहा कोंबड्या लहानशा पेटीत कोंडल्या आणि थंडी येऊ नये म्हणून प्रत्येक फट बुजवली, की ही सगळी वाफ वर जाऊन थंड पत्र्याला लागते, तिचं पाणी होतं आणि पहाटे ते थेंबाथेंबाने कोंबड्यांच्याच पाठीवर टपकतं. एवढ्यावर भागत नाही. ओल्या विष्ठेतल्या युरिक आम्लापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. हा वायू डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबतो आणि सर्दी-खोकल्याला वाट मोकळी करतो. व्यवसाय म्हणून कोंबड्या पाळणारे शेडच्या हवेत २५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग, ही अमोनियाची वरची मर्यादा धरतात. आपल्याकडे ते मोजायचं यंत्र नसतं, पण नाक असतं. फक्त उभ्याने वास घेऊन उपयोग नाही. पहाटे दार उघडल्या उघडल्या खाली वाका, कोंबडीचं डोकं जिथे असतं त्या उंचीवर नाक न्या आणि मग ठरवा. दोन मिनिटं आत थांबलात तर नाक सरावतं, म्हणून पहिला श्वासच काय तो खरा.

तुरा गोठण्यामागेही नुसती थंडी नसते. दमट खुराड्यात तुऱ्यावर ओलीचा पातळ थर बसतो आणि पारा शून्याखाली गेला की आधी तो थर गोठतो. तेवढ्याच थंडीत कोरड्या खुराड्यातल्या कोंबड्या टवटवीत दिसतात. तरीही तुरा काळा पडला की माणसं उरलेले झरोके बंद करायला धावतात, म्हणजे रोगालाच खतपाणी.

मग वारा लागत नाही का? हाच खरा तिढा आहे. कोंबडीच्या अंगावरून वाऱ्याचा झोत गेला तर फुललेल्या पिसांमधली हवा उडून जाते आणि ती काकडते. तोच वारा तिच्या डोक्यावरून हातभर उंचीने गेला तर तिला काही होत नाही आणि वाफ मात्र बाहेर पडते. म्हणजे झरोके हवेतच, फक्त ते बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवेत. छपराच्या वळचणीखाली समोरासमोरच्या दोन भिंतींना लांबट झरोके ठेवणं सगळ्यात सोपं. कोंबडीमागे अर्धा ते एक चौरस फूट उघडी जागा असा माझा ढोबळ हिशोब असतो. दांडीच्या उंचीवर आणि तिच्या खाली मात्र एकही फट नको. खुराडं इतकं बुटकं असेल की दांडीच्या वर जागाच उरत नाही, तर दांडी खाली घ्या. झरोका खाली आणून जमणार नाही.

झरोक्याला भक्कम, बारीक चौकटीची वेल्ड केलेली जाळी ठोका. तारांच्या पिळाची षटकोनी जाळी कोंबड्या आत ठेवायला ठीक आहे, शिकारी जनावर बाहेर ठेवायला नाही. थंडीतल्या रात्री लांब असतात आणि भुकेल्या जनावराला धीर खूप असतो. पाऊस किंवा बर्फाचे कण आत येऊ नयेत म्हणून वर तिरकी फळी लावा. वादळ असेल तर वाऱ्याच्या बाजूचा झरोका रात्रीपुरता झाका, पण समोरचा उघडाच ठेवा. दोन्ही बंद करायचा मोह होईल, तो आवरा.

बरोबर जमलंय का, हे तपासायचा माझा एक साधा उपाय आहे. खुराड्यातलंच एक मऊ, छोटं पीस घ्यायचं, ते दोऱ्याला बांधून दांडीच्या वर कोंबडीच्या छातीच्या उंचीवर लोंबतं सोडायचं आणि बाहेर वारा असताना बघायचं. पीस जवळपास स्थिर हवं. ते एका बाजूला ओढलं जात असेल तर त्या दिशेला फट आहे, ती शोधून बुजवा. नंतर तेच पीस वर झरोक्याजवळ धरा. तिथे ते सतत हललं पाहिजे. दुसरी परीक्षा पहाटेची: पत्र्याच्या आतल्या बाजूवरून तळवा फिरवा. हात ओला झाला तर हवा कमी पडतेय, मग बाहेर कितीही थंडी असो. आतली हवा बाहेरच्यापेक्षा फारशी गरम नाही म्हणून हळहळू नका. कोंबडी स्वतःचं अंग गरम ठेवते, खोली गरम करणं तिचं काम नाही. आणि तुमचंही नाही.

बल्ब, हीटर आणि शेगडी

नको. कोरडी गादी, उडणारी पिसं, धूळ आणि २५० वॉटचा तापलेला दिवा हे एका पेटीत ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. आग लागली नाही तरी दुसरी अडचण असतेच: रोज उबेत राहिलेल्या कोंबड्या थंडीला सरावत नाहीत आणि ऐन कडाक्याच्या रात्री वीज गेली की त्यांचे हाल होतात. कोळशाची शेगडी तर बंद खुराड्यात चुकूनही ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि पक्ष्यांना तो आपल्याआधी मारतो. स्वेटरबद्दल एवढंच, की स्वेटरखाली पिसं फुलत नाहीत, दमटपणा मात्र साचतो. फोटोपुरतेसुद्धा घालू नका.

गादी आणि दांडी

लाकडाचा किस, भाताचं तूस किंवा बारीक पेंढा, जे कोरडं मिळेल त्याचा सहा इंचांचा थर सुरुवातीला घाला आणि वरून भर टाकत राहा. गादी पूर्ण बदलायची गरज नाही, पण ती हलती ठेवायला हवी. मूठभर दाणे टाकले की कोंबड्या उकरून ते काम करतात. गादी मुठीत दाबून सोडा. भुसभुशीत सुटली तर ठीक, लाडवासारखी गोळा झाली तर ओली आहे, तेवढी काढा आणि कोरडी घाला. दांडीखाली एक फळी ठेवून ती रोज सकाळी खरवडलीत तर रात्रभराची विष्ठा गादीत मिसळतच नाही. पाच मिनिटांच्या या कामाने जेवढी ओल जाते तेवढी कुठल्याच पावडरीने जात नाही.

दांडी लाकडाची हवी, लोखंडी नळी नको. रुंद बाजू वर ठेवलेली, दोन ते चार इंचांची चपटी पट्टी असेल तर कोंबडी पाय पसरून बसते आणि पोटाची पिसं बोटांवर झाकण घालतात. एका कोंबडीला आठ ते दहा इंच जागा पुरते. त्या चिकटूनच बसतात.

पाणी

थंडीत कोंबड्या उपाशी राहिल्याने त्रास होतो त्यापेक्षा जास्त वेळा तहानेने होतो. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. भांड्यावर बर्फाची साय धरली की ती चोच मारून बघते आणि निघून जाते. पाणी तुटलं की खाणंही घटतं, आणि खाणं घटलं की रात्रीची ऊबही.

सकाळी दांडीवरून उतरल्यावर आणि संध्याकाळी झोपायच्या आधी त्या हमखास पितात. या दोन्ही वेळी ताजं, कोमट पाणी ठेवा. दुपारी एकदा चक्कर मारा. पाणी गोठतं अशा ठिकाणी रबराचं घमेलं वापरा, ते उलटं करून पायाने दाबलं की बर्फ निघून येतो. प्लास्टिक तडकतं. रात्री भांडं खुराड्यात ठेवू नका. अंधारात कोंबड्या पाणी पीत नाहीत, सांडलेलं पाणी फक्त ओल वाढवतं. गोठू नये म्हणून पाण्यात मीठ टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो माणूस पुन्हा काही सांगायला लागला की विषय बदला. मीठ कोंबड्यांना विषासारखं बाधतं.

खाद्य

एरवी ११० ते १२० ग्रॅम खाणारी अंड्यावरची कोंबडी थंडीत त्याहून जास्त खाते, तेव्हा भांडं रिकामं राहू देऊ नका. रोजचं लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं तयार खाद्य, चालूच ठेवा. त्यात बदल नको. संध्याकाळी दांडीवर जायच्या तासभर आधी कोंबडीमागे एखादा चमचा मक्याचा भरडा टाका. पोटात दाणा असला की पचनाची ऊब रात्री मिळते. चमचा म्हणजे चमचा. मक्याने कोंबड्या सुटतात आणि त्यातलं प्रथिन अंड्याला आणि नव्या पिसांना पुरत नाही. पीस जवळजवळ सगळं प्रथिनच असतं, हे पिसगळीच्या काळात तरी विसरू नका.

मिरचीचं म्हणाल तर पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही. त्याने अंग तापत नाही आणि अंडीही वाढत नाहीत.

अंडी आणि उजेड

अंडी कमी होण्याचं मुख्य कारण थंडी नसून दिवस लहान होणं आहे. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. हवं असेल तर छोटा, गरम न होणारा एलईडी पहाटे लावा, संध्याकाळी नको. संध्याकाळी दिवा अचानक विझला की कोंबड्या जिथे असतील तिथेच अंधारात अडकतात, त्यांना दांडी सापडत नाही. मी मात्र दिवा लावत नाही. पिसगळीनंतर अंगात ताकद भरून यायला हाच काळ मिळतो. कडाक्याच्या थंडीत अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला. गोठलेल्या अंड्याचं कवच तडकतं.

तुरा आणि पाय

मोठा, उभा एकेरी तुरा असलेल्या जातींना, आणि त्यांच्यातही मादीपेक्षा नर कोंबड्याला, जास्त धोका असतो. पाणी पिताना त्याच्या चोचीखालची लोंबती कातडी भिजते. अरुंद तोंडाचं भांडं ठेवलं तर हे बरंच टळतं. पेट्रोलियम जेली चोपडून समाधान मिळत असेल तर चोपडा, पण ती झरोक्याचं काम करणार नाही.

तुऱ्याचं टोक पांढुरकं, राखाडी पडलेलं दिसलं तर चोळू नका आणि हेअर ड्रायरही नको. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं हलक्या हाताने टेकवत राहा आणि कोंबडीला वाऱ्याबाहेर, पण फार गरम नसलेल्या जागी ठेवा. तो भाग पुन्हा गोठू देऊ नका, नाहीतर दुखणं दुप्पट होतं. पुढे टोक काळं पडून वाळलं तर ते कापू नका, आपोआप गळतं. सूज, पू किंवा पायाची बोटं काळी पडलेली दिसली तर पशुवैद्याकडे न्या.

एक पाय पोटाशी घेऊन, पिसं फुलवून उभी असलेली कोंबडी आजारी नसते, ती ऊब धरून असते. डोळे मिटून, शेपटी पाडून, दाणे टाकल्यावरही जागची हलत नसेल ती आजारी. दाणे टाकायची वेळ म्हणूनच रोज एकच ठेवा, म्हणजे कोण आलं नाही ते लगेच कळतं.