पोकरवेड्यासाठी खिशाला परवडणारी भेट

खेळणाऱ्याला पत्त्यांची चित्रं छापलेला मग देऊ नका. तो कपाटातच राहतो. त्यापेक्षा पूर्ण प्लास्टिकच्या पत्त्यांचे दोन जोड द्या, पाठीचा रंग वेगवेगळा असलेले. एका जोडाने वाटप चालू असताना दुसरा पिसून तयार राहतो. कागदी पत्ता कोपऱ्यात मुडपला की पाठीवरूनच ओळखू येतो आणि मग अख्खा जोड बाद. प्लास्टिकचा पत्ता ओल्या फडक्याने पुसता येतो. वेष्टनावर ‘प्लास्टिक कोटेड’ लिहिलं असेल तर मात्र तो कागदच, वरून फक्त लेप.

माप बघून घ्या. पोकरचा पत्ता अडीच इंच रुंद असतो, ब्रिजचा सव्वादोन. टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळणाऱ्यांना आकडे मोठे छापलेले बरे, कारण मधे उघडे मांडलेले, सगळ्यांचे सामाईक पाच पत्ते टेबलाच्या टोकावरूनही वाचावे लागतात.

बजेट अगदीच कमी असेल तर कार्ड गार्ड: हातातले दोन पत्ते टेबलावर पालथे ठेवून त्यांवर ठेवायची जड चकती. ती नसली की वाटणारा चुकून ते पत्ते टाकलेल्या ढिगात ओढतो आणि चांगला डाव हातचा जातो. चकती जाड, साधारण चिपएवढीच (पैज लावायच्या गोल नाण्याएवढी) हवी. मोठी ठेवली तर अडचणच होते.

चिप्स द्यायच्याच तर पाच-सहा जणांना ३०० पुरतात. पण आधी विचारा, बहुतेकांकडे असतातच.