अनोळखी रोप जोपासण्यापूर्वी
मृगाच्या पावसानंतर परभणी-नांदेडकडे अंगणातल्या वाफ्यात न लावलेले, गाजरासारख्या कातरलेल्या पानांचे रोप उगवले, तर शेवंती समजून ते जोपासू नये आणि उघड्या हाताने चुरगाळून त्याचा वासही घेऊ नये. कोवळेपणी पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतील आणि पुढे लवदार, उभ्या रेषांचा दांडा वर येऊन त्याला बारीक पांढरी फुले लागत असतील, तर ते बहुधा गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत असते. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या कातडीला खाज सुटते व परागकणांमुळे दम्याचा त्रास वाढू शकतो. हातमोजे घालून, जमीन ओली असताना, फुलोऱ्याआधीच ते मुळासकट उपटावे. हा आग्रह यासाठी की एकच झाड हजारो बिया टाकते. शंका राहिल्यास पान, दांडा व फुलाची स्पष्ट छायाचित्रे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावीत.