कुजलेल्या लाकडात रेझिन भरताना या चुका टाळा

पेठेतल्या जुन्या वाड्याचे दार असो की सोसायटीतल्या फ्लॅटच्या बाथरूमची चौकट, लाकूड कुजायला सुरुवात बहुधा तळाच्या वीतभर भागात होते. फरशी धुतलेले पाणी तिथे साचते, चौकटीचा आडवा कापलेला तळ ते वर ओढून घेतो आणि बाहेरचा ऑइलपेंट शाबूत दिसत असतानाच आतले लाकूड भुसभुशीत होऊन जाते. अशा लाकडात पातळ इपॉक्सी रेझिन, म्हणजे हार्डनर नावाचा दुसरा घटक मिसळल्यावर कडक होणारा द्रव, जिरवून ते पुन्हा टणक करता येते. मात्र फसलेल्या दुरुस्त्यांचा दोष रेझिनच्या डब्यात क्वचितच असतो. डबा उघडण्याआधी जे करायचे राहून गेले, त्यात तो बहुतेक वेळा सापडतो.

ओले लाकूड बंद करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढण्यासाठी ओल लागते आणि लाकडातील ओलाव्याचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिले तर तिची वाढ थांबते. रेझिन ओल शोषून घेत नाही आणि ती बाहेर काढतही नाही. ओल्या लाकडावर त्याचा थर दिला तर पेशींमध्ये आधीच पाणी असल्यामुळे ते आत शिरत नाही, वर कवच तेवढे तयार होते आणि कवचाखाली बुरशीचे काम निवांत चालू राहते. त्यामुळे आधी पाणी कुठून येते ते शोधावे: गळका नळ, उताराची बाजू चुकलेली फरशी, पन्हळीतून भिंतीवर उडणारे पाणी, किंवा चौकटीचा पाय थेट सिमेंटमध्ये गाडलेला असणे. हे कारण दूर केल्याशिवाय केलेली दुरुस्ती रंगकामाच्या पलीकडे जात नाही.

पुण्यात पावसाचा मुख्य जोर जून ते सप्टेंबर असतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्येही हजेरी लावतो. म्हणून दिवाळीच्या रंगकामाच्या घाईत हे काम उरकण्यापेक्षा सडका भाग त्या वेळी कोरून उघडा ठेवावा आणि रेझिन फेब्रुवारी-मार्चमध्ये भरावे, असे माझे मत आहे. तोवर लाकूड वाळलेले असते आणि एप्रिल-मेचा उकाडाही सुरू झालेला नसतो. ओल मोजण्याचे दोन सुयांचे मीटर मिळाले तर १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालचे माप येईपर्यंत थांबावे. मीटर नसेल तर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला बाष्प दिसले तर लाकूड अजून तयार नाही. बाष्प दिसले नाही, तरी तेवढ्यावरून खोलवरचे लाकूड वाळले असे समजू नये.

सडके किती काढावे, याचा अंदाज चुकणे

काही जण भुसा झालेला भागही तसाच ठेवून त्यावर रेझिन ओततात, तर काही जण पटाशीने चांगल्या लाकडापर्यंत सगळेच खणून काढतात. स्क्रूड्रायव्हरचे टोक किंवा दाभण दाबून पाहावे. बोटांनी चुरडला जाणारा भाग काढूनच टाकावा. टोक थोडे रुतते पण रेषा अजून धरून आहेत असा भाग ठेवावा, कारण रेझिन जिरवायचे ते याच भागात. सागाचा गाभा सहसा टिकलेला असतो आणि सालीलगतचे पांढरट लाकूड आधी जाते, हे ध्यानात ठेवले तर खोदकाम पुष्कळ वाचते.

आत मातीचे बोगदे दिसले तर ती कूज नसून वाळवी आहे. रेझिनने वाळवी मरत नाही आणि तिची वाट भिंतीतून किंवा जमिनीतून असते, तेव्हा तिचा बंदोबस्त आधी आणि स्वतंत्रपणे करावा. उरलेल्या बुरशीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाण्यातील द्रावण लावता येते. मात्र त्यानंतर लाकूड पुन्हा पूर्ण वाळू द्यावे आणि पृष्ठभागावर जमलेले पांढरे क्षार घासून काढावेत.

घट्ट रेझिन वापरणे आणि थिनर ओतणे

घरोघरी असणारे ॲराल्डाइट किंवा हाताने मळून लावायची लांबी ही चिकटवण्यासाठी आणि खड्डे बुजवण्यासाठी असते. ती लाकडात जिरत नाही. जिरवण्यासाठी पाण्यासारखे वाहणारे, मुद्दाम पातळ बनवलेले इपॉक्सी मागावे. घट्ट रेझिनमध्ये थिनर मिसळून ते पातळ करण्याचा मोह आवरावा, कारण थिनर पूर्ण उडून जात नाही आणि आत नरम, कमजोर थर राहतो. गाडीच्या पत्र्यासाठीची पॉलिएस्टर पुट्टीही टाळावी. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, ती हालचाल ही कडक पुट्टी सोसत नाही आणि एक-दोन ऋतूंतच कडेने सुटू लागते.

रेझिन लाकडाच्या रेषांच्या दिशेने सहज जाते, आडवे मात्र फारच थोडे शिरते. म्हणून नुसत्या ब्रशने लावून भागत नाही. सुमारे ६ मिलिमीटरची, थोडी खाली उतरती छिद्रे दोन-दोन इंचांवर आणि एकाआड एक अशी पाडावीत, ती आरपार जाऊ देऊ नयेत, आणि सुई काढलेल्या सिरिंजने त्यांत रेझिन पुन्हा पुन्हा भरत राहावे. पहिला भर काही मिनिटांत गायब होतो आणि पाहणाऱ्याला वाटते की काम झाले. प्रत्यक्षात छिद्राच्या तोंडाशी रेझिन स्थिर उभे राहीपर्यंत भरणे थांबवायचे नसते. हे काम ऊन उतरल्यावर करावे. लाकूड तापत असताना आतली हवा फुगून बुडबुडे वर येतात, तर ते निवत असताना रेझिन आत ओढले जाते.

हार्डनर अंदाजाने घालणे

लवकर सुकावे म्हणून हार्डनर थोडा जास्त घालण्याची सवय पॉलिएस्टर रेझिनच्या कामातून आलेली आहे. तिथे ती काही प्रमाणात चालते. इपॉक्सीमध्ये रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात आणि जास्तीचा हार्डनर तसाच उरून थर कायमचा चिकट ठेवतो. डब्यावरचे प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हेही पाहावे, कारण दोन्हींची घनता सारखी नसते. छोट्या डिजिटल काट्यावर मोजावे, कडा आणि तळ खरवडत तीन मिनिटे ढवळावे, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळावे.

एका वेळी फार कालवू नये. कपात साठून राहिलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापते, कधी धूर सोडते आणि हातातला प्लॅस्टिकचा कप वितळवते. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. इपॉक्सीची ॲलर्जी वारंवार संपर्काने जडते आणि एकदा जडली की सहसा जात नाही. हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसणे तर आणखी वाईट, ते साबण-पाण्याने धुवावे.

नंतर दिसणारे दोष

तीन-चार दिवसांनीही थर चिकट असेल तर प्रमाण किंवा ढवळणे चुकले आहे. वरून आणखी हार्डनर चोपडून उपयोग नाही. नरम थर खरवडून, ॲसिटोनने पुसून नव्याने लावावा. दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट, पांढुरकी साय धरते. तिच्यावर थेट पॉलिश पेपर मारला तर ती घासली न जाता पसरते आणि पुढचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. आधी कोमट पाणी आणि भांडी घासायची घासणी वापरून ती धुऊन काढावी, मग पेपर मारावा. भरावाच्या कडेला केसासारखी भेग दिसली तर बहुधा शेजारचे लाकूड भरताना ओले होते किंवा सडका भाग मागे राहिला होता. सागावर थर टरफलासारखा निघाला तर लाकडातील तेल कारणीभूत असते. लावण्यापूर्वी ॲसिटोनने पुसून ते उडून जाईपर्यंत थांबायला हवे होते.

इपॉक्सी उन्हात पिवळे पडते आणि कालांतराने भुकटते. त्यामुळे बाहेरच्या दारावर ते उघडे ठेवू नये. त्यावर ऑइलपेंट किंवा अतिनील किरणे अडवणारे वॉर्निश हवेच. चौकटीचा पाय आणि फरशी यांच्यामध्ये सिमेंट न भरता काही मिलिमीटरची फट ठेवावी, लाकडाच्या कापलेल्या तळाला रेझिन पाजावे आणि ती फट लवचिक पॉलियुरेथेन सीलंटने बंद करावी.

जिथे रेझिन वापरूच नये

कडीपाटाच्या तुळईचे भिंतीत गेलेले टोक, खांबाचा तळ, जिन्याची बाजूपट्टी, अशा भार घेणाऱ्या लाकडात कूज दिसली तर सिरिंज बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. तिथे सडलेला तुकडा कापून त्याच जातीचे लाकूड सांध्याने जोडणे किंवा आधार देणे हाच उपाय असतो आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जुना सागही मिळतो. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर आधी परवानगीची चौकशी करावी. कोरीव कामावर तर रेझिन शेवटचा पर्याय म्हणूनच वापरावे, कारण एकदा रेषांत मुरलेले इपॉक्सी पुन्हा काढता येत नाही.